जेवणानंतर एक

२५ जुलै १९९८, शनिवार
ठणका गेलेला नाही. बुधवारी नारायणगावी दाढेचे रूट कॅनल झाले — मुळातील नस काढून टाकली. नस गेली, तर मग दुखते कोणाला? हे विचारायचे राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाबा, जेवणानंतर एक गोळी. आठवड्यात दाढ विसरून जाल."
पहिली गोळी त्याच दुपारी घेतली. विसर मात्र पडत नाही.

२८ जुलै, नागपंचमी
रोज सायंकाळी देवळात श्रावणाची पोथी वाचतो. आज जबडा उघडेना. दीर्घ आकार ऱ्हस्व झाला. नारायणाचा 'नरयण' झाला. बत्तीस वर्षांत असा दोष घडला नव्हता. समोर बसलेला धर्माजी म्हणाला, "बुवा, वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी आपल्या आळे गावात हाय. त्यो नाय अडला, आन् तुमी अडता व्हय?"
मंडळी हसली. मीही हसलो असतो, परंतु गाल ताणवत नाही.

३१ जुलै
लवंगेचा बोळाही निकामी.

३ ऑगस्ट, एकादशी
निराहार. जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. गाल सुजून डोळा अर्धा मिटला आहे. पोथी उघडली आणि तशीच मिटली. कुशाबाई — माझी पत्नी — म्हणाली, "उद्या नारायणगावची यस्टी धरू. मी येती संगं. तुमी एकलं गेलात, तर बरं हाय म्हणून परत याल."

४ ऑगस्ट
डॉक्टरीणबाईंनी पाकीट पाहिले. "बाबा, एकवीस गोळ्या सात दिवसांत संपायला हव्या होत्या. नऊ उरल्या कशा?"
"जेवणानंतर एक, असे आपणच सांगितलेत."
"जेवता किती वेळा?"
"चातुर्मासात एकदाच."
त्यांनी पाकीट बाजूला ठेवले. नंतर दाढ पुन्हा उघडून पू काढला, नव्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "तीन वेळा खायचं, तीन वेळा गोळी. नाहीतर पू हाडात उतरेल."

रात्री जेवलो नाही. हा नेम माझ्या पुण्यासाठी नाही. एकोणीस वर्षांपूर्वी कुशाबाई विषमज्वराने अंथरुणाला खिळली, तेव्हा देवापुढे बोललो होतो — ही उठली, तर हिच्या हयातीत प्रत्येक चातुर्मास एकभुक्त राहीन. ती उठली. शास्त्र आतुरास, म्हणजे आजारी माणसास, नियमातून मोकळीक देते, हे मीच चार लोकांना सांगत आलो. स्वतःला मात्र ते पटवता येत नाही. नेम मोडला आणि तिचे काही झाले तर?

५ ऑगस्ट
कुशाबाईने विचारले, "नेम कुणासाठी?"
"तुझ्यासाठी."
"मग मीच म्हणती, सोडा. माजं भलं मला इचारून तरी ठरवा की."
आजही गोळी एकच.

६ ऑगस्ट
सकाळी पेज घेतली, दुपारी नेहमीचे जेवण. दिवेलागणीला मऊ भात. गोळ्या तीन.
कुशाबाईने माझ्या शेजारी स्वतःचे ताट मांडून घेतले. मी म्हणालो, "तू एवढ्या लवकर? रोज मी देवळात गेल्यावर जेवतेस ना?"
भात कालवीत ती म्हणाली, "तवा कुठं जेवती मी? तुमचा नेम एकोणीस चातुर्मासांचा. माजाबी तेवढाच."