हळकुंडाचा डाग

लिंबायत, सुरत
मार्च १९९६

प्रिय जयश्री,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, असं या वेळी लिहीत नाही. दिवाळीआधी डावी छाती काढली, ती जखम भरली. पण आजार फुफ्फुसात पसरलाय का, हे बघायला डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला होता. त्याची गंमत आधी ऐक.

गळ्यातलं सगळं काढा, असं तिथल्या बेनने सांगितलं. सोबत आमच्या सासूबाई, धुरपदाबाई. सवाष्णीचा गळा मोकळा? राम राम! पोत काढायच्या आधीच त्यांनी हळकुंड दोऱ्यात बांधून माझ्या गळ्यात घातलं. सोनं नाही, लोखंड नाही, मशीनला काय कळतंय, म्हणून मीही ते झग्याआत सोडलं. आणि फोटोत डाव्या फुफ्फुसावर हा पांढरा डाग! डॉक्टरांचा चेहराच उतरला.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मग सासूबाईंनीच कपाळावर हात मारला, की अगं बाई, ते तर माझं हळकुंड! काय सांगू, शिरा झाला. हे कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात पेढे वाटून आले. मीही हसले गं, टाक्यांच्या जागी दुखेपर्यंत.

पण मन चिंती ते वैरी न चिंती. श्वास घेतला की वाटे, आत कुणीतरी बसलंय आणि माझ्याआधी तोच श्वास ओढून घेतंय. शेवटी भाजीला जाते सांगून एकटीच दवाखान्यात गेले. पोत मुठीत धरली. लग्नानंतर पहिल्यांदा गळा उघडा. फार भीती वाटली, जयश्री. नव्या फोटोत हळकुंडाचा डाग गेला होता. त्याच्यामागे झाकलेला दुसरा तिथेच होता. मग सीटी स्कॅन झालं. डॉक्टर गुजरातीत हळूच बोलले, पण मला सगळं कळलं. आजार फुफ्फुसात पोचलाय.

घरी मी बोलले नाही. सासूबाई अजून गल्लीत प्रत्येकीला हळकुंडाची गोष्ट सांगतात. माझी सायली त्यांच्या मांडीवर बसून सगळ्यांत जोरात हसते. मला ते हसू ऐकवत नाही, आणि मोडवतही नाही.

म्हणून हे पत्र. आई गेल्यापासून तूच माझं माहेर. आखाजीच्या सणाला सायलीला घेऊन येते. झोके खेळू, सांजोऱ्या खाऊ. परत निघेन ती एकटीच. तिला ठेवून घे, मी खंगताना तिने बघू नये. ती स्टँडपर्यंत माझ्यामागे धावेल, तुझा हात चावेल, द्वाड आहे. सोडू नकोस. मी मागे वळून बघणार नाही. बघितलं तर मला निघता यायचं नाही.

तुझीच,
तुझ्या वेण्या घालणारी उज्ज्वला