पूजेत मांडलेलं टर्नटेबल

तात्या, पोरीला टर्नटेबल घेऊन दिलं. सांगलीतला दुकानदार सुटकेससारख्या पेटीतलं स्वस्त, पट्ट्यावर फिरणारं गळ्यात मारत होता. गाणी ऐकायला ते ठीक, पण डीजेसारखा स्क्रॅचचा आवाज काढायला शिकायचं म्हणजे फिरती तबकडी हातानं मागंपुढं रेटायची. त्यात पट्टा घसरतो आणि सोडल्यावर तबकडी रांगत वेग धरते. मी म्हणालो, थेट मोटरवर फिरणारं दाखवा, वापरलेलं चालेल, सुई मात्र नवी हवी. सोबत आवाज कमीजास्त करायचा एक छोटा मिक्सर घेतला. पोरगी बघतच राहिली. "पप्पा, तुमाला ह्यातलं कसं कळतं?" मोबाईलवर बघितलं, असं ठोकून दिलं.

कसं कळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी विशीतला, खंडेनवमीचा दिवस. तुम्ही सोप्यात कोयते, नटबोल्टचे पाने, ट्रॅक्टरची किल्ली मांडताय आणि मी शेजारी माझं टर्नटेबल, माझं डीजेचं मशीन ठेवतो. ज्याचं जे हत्यार त्यानं ते पुजायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही हळद लावलेला पाना उचलता. "वरातीतलं खेळनं देवाम्होरं ठिवतोस व्हय रं?" पहिला घाव मशीनवर, दुसरा माझ्या कोपरावर. मग तुमचा फौजेतला कंबरपट्टा, बकलाच्या बाजूनं. आई मधे पडली, तिलाही सोडलं नाहीत. कोपर अजून सरळ होत नाही. माझं स्क्रॅच शिकणं तिथंच संपलं. "लय लागलं का?" एवढंही तुम्ही मरेपर्यंत विचारलं नाही.

यंदा पोरीनं तिचं मशीन पूजेत मांडलं. पूजा झाल्यावर तुमचे धाकटे भाऊ आले. "आता नात वरातीत डीजे वाजवनार म्हना की!" असं म्हणून खो खो हसले. पोरीनं वायर जोडली आणि तबकडी खस्सकन मागं ओढली. तो आवाज कानात शिरला आणि माझं डोकं सणकलं. काका भिंतीला का चिकटले, म्हणून खाली पाहिलं तर माझ्या हातात पूजेतला कोयता. पोरगी मशीनवर पालथी पडलेली. "मला मारा पप्पा, ह्याला हात लावू नका."

कोयता टाकला. पोरगी तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही, रात्री खोलीला आतून कडी लावते. तुमच्यासारखा होणार नाही, हेच तर मी जन्मभर घोकत आलो. तुमचा द्वेष करतो मी, तात्या. हे धाडायचं कुठंच नाही, म्हणून लिहितो: कोयता उचलला तेव्हा क्षणभर मला लय बरं वाटलं होतं.