दुसरा खांदा

प्रिय ऑस्टिन,

सप्रेम नमस्कार.

मी रामचंद्र वासुदेव चुरी, मूळ गाव निर्मळ, हल्ली राहणार आचोळे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. वालीव येथील एका कारखान्यात लेखापाल. तुझ्या थोरल्या बहिणीचा, दिवंगत रीटाचा, पती. हे सर्व तुला ठाऊक आहे. तरीही ते आरंभी लिहिले, कारण पुढे जे मागणार आहे ते कोणत्या नात्याने मागतो हे स्पष्ट असावे. रीटा गेल्यानंतर ते नाते शिल्लक आहे की नाही, याविषयी मी स्वतः साशंक आहे. आम्हाला मूल असते, तर त्याचा बाप म्हणून मी तुमच्या उंबऱ्यावर उभा राहिलो असतो. तेही नाही.

पत्राचा हेतू एकच. नाताळनंतर तुझ्या आईला, आपल्या आयला, कायमचे बेंगळुरूला नेण्याचा तुझा निर्णय तू पुन्हा एकदा तपासून पाहावास.

हे फोनवर बोलता आले असते. परंतु फोनवर तू “भावजी, तुमचं बरोबर आहे, पण” असे म्हणतोस, आणि त्या ‘पण’नंतर मला पुढे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

प्रथम तुझी बाजू मान्य करतो. शेजारच्या ज्युलीने तुला कळवले होते की मावशी भिंतीकडे तोंड करून पडून असतात, चूल पेटवत नाहीत, दिलेली पेज तशीच झाकून ठेवतात. ते अक्षरशः खरे होते. ते ऐकून तू घर बदललेस, लिफ्ट असलेली इमारत पाहिलीस, आयसाठी सकाळचे ऊन येणारी खोली राखून ठेवलीस. कोणत्याही मुलाने याहून अधिक काय करावे, हे मला सांगता येणार नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्या माहितीवर तू निर्णय घेतलास, ती आता जुनी झाली आहे. फोनवर आय तुला “बरी आहे” एवढेच सांगते. पडून होती तेव्हाही तेच सांगत होती. म्हणून मधल्या काळात काय घडले ते मी सांगतो.

रीटा गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडू लागला. आधी पाठीमागच्या खिशातले पाकीट काढता येईना, मग शर्टाची बाही चढवता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की सांधा आखडला आहे, वेळ लागेल. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम दिला. मी तो नियमाने करीत होतो. बोटे खांद्याच्या उंचीपर्यंत जात आणि तेथे थांबत.

ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या सुमारास मी भुईगावला आयकडे गेलो, तो पितळी टोप परत करण्यासाठी. रीटा दर नाताळला त्यात मटण शिजवीत असे, पण टोप मूळचा आयचा. तुमच्या घरची आमच्याकडे राहिलेली ती अखेरची वस्तू होती. परत करण्यासारखे काही उरले नाही की येण्याचे कारणही संपेल, आणि ते असे रीतसर संपावे, असा माझा विचार होता. तो मी त्या वेळी कोणालाही सांगितला नाही.

आय भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी नमस्कार केला. तिने मान हलवली की नाही, हे कळले नाही. स्वयंपाकघरात जाऊन मी टोप वरच्या फळीवर ठेवू लागलो. हात अर्ध्यावर अडला आणि टोप सुटून फरशीवर आदळला. त्याचा आवाज ज्युलीच्या घरापर्यंत गेला असावा, कारण ती धावत आली.

यापुढे आयचे बोलणे येईल. तुमची घरची बोली मला पूर्ण समजते, पण कागदावर तिचे रूप चुकेल या भीतीने मी ते माझ्या मराठीत लिहितो. शब्द माझे असले तरी टोमणे तिचेच आहेत.

“काय पाडलंस?” आय दारात उभी होती. आपली आपण उठून आली होती.

“टोप.”

“रीटापण पाडायची. पण ती दोन हातांनी पाडायची. तुझा तो हात असा कोंबडीच्या पंखासारखा का धरलायस?”

मी डॉक्टरांचे निदान सांगितले.

“कधीपासून?”

“रीटा गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यापासून.”

ती खाटेकडे वळली आणि पायाने खाटेखालच्या चपला चाचपू लागली.

“मावशी, कुठं निघालात?” ज्युली म्हणाली.

“कुंपणाला. आणि तू बघत काय बसलीस, चूल पेटव. तवा ठेव.”

विहिरीकडच्या कुंपणाची निर्गुडी तुला आठवत असेल. तिथवर ती भिंतीला, मग पेरूच्या झाडाला, मग माझ्या डाव्या हाताला धरून गेली. पाला खुडला, धुतला, तव्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवून मऊ होईपर्यंत परतला. मला शर्ट काढून स्टुलावर बसवले. सोसेल इतका गरम पाला खांद्यावर दाबून ठेवला आणि जुन्या लाल लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधला. मी विचारले की घरी करायचे झाल्यास पाने किती घ्यावीत.

“पुरतील एवढी.”

“म्हणजे साधारण किती?”

“खांदा झाकेल एवढी. तुझा खांदा आहे, कारखाना नाही. आणि घरी करायचं नाही. तुला एका हातानं बांधता येणार आहे का? पुढच्या रविवारी ये.”

ज्युली तोंडावर पदर धरून हसत होती. आचोळ्याला परतताना शर्टाखाली लाल लुगडे होते आणि रिक्षावाला वासामुळे आरशातून पुन्हापुन्हा पाहत होता. पुढच्या रविवारी मी गेलो.

येथे एक गोष्ट नोंदवणे माझे कर्तव्य आहे. मी डॉक्टरांचा व्यायाम एकदाही सोडला नाही. त्यामुळे खांद्याला आलेल्या आरामात पाल्याचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि काळाचा किती, याची विभागणी मला करता येत नाही. शेकाने वेदना उतरे आणि त्या रात्री कुशीवर झोपता येई, इतके मी खात्रीने म्हणू शकतो. निर्गुडीची भलावण करण्यासाठी हे पत्र नाही. तिचा जो गुण मी पाहिला, तो मला कोणी सांगितलेला नव्हता. तो पाला जिच्या हातांनी बांधला जात होता, तिला तो अधिक लागू पडला.

कसे, ते सांगतो. पाला खुडायला कुंपणापर्यंत जावे लागे; काही रविवारांनी ती पेरूला न धरता जाऊ लागली. तवा ठेवायचा म्हणून चूल पेटे. पेटलेली चूल वाया कशाला घालवायची म्हणून ती भात ठेवू लागली. पट्टी बांधल्यावर मला तासभर हलण्याची मनाई असे. तेवढ्या वेळात समोरच्या माणसाला उपाशी कसे ठेवायचे म्हणून ती कालवण करू लागली. आणि पाहुण्याने एकट्याने जेवायचे नसते, म्हणून ती माझ्यासोबत जेवू लागली. तिची बोटे तुला ठाऊक आहेत, सांध्यांना गाठी आलेली. गरम पाला दाबून दाबून ती मोकळी झाली असावीत. आता ती लसूण स्वतः सोलते आणि संध्याकाळी जपमाळेचे मणी एकेक करून सोडते. पूर्वी ती माळ नुसती मुठीत धरून बसत असे.

एका रविवारी पाला परतताना ती थांबली. म्हणाली, “पावसाळ्यात मच्छर झाले की हाच पाला निखाऱ्यावर टाकायची मी. रीटाच्या केसांना वास राहायचा. शाळेत पोरी चिडवायच्या तिला, मग रडत यायची.” एवढे बोलून तिने तवा उतरवला. रीटाचे नाव घेऊन ती त्यानंतर बरेच बोलली, आणि मीही बोललो. आम्ही दोघांनी तिच्याविषयी एकमेकांशी कधी बोलून पाहिले नव्हते. अंत्यविधीच्या दिवशीही नाही.

आता ज्या भागाकडे यायचे मी टाळत होतो, त्याकडे येतो.

गौरी-गणपती उरकल्यानंतरची एक सकाळ. आचोळ्याच्या गॅलरीत मी धुतलेली चादर दोरीवर टाकली आणि ती टाकून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की दोन्ही हात डोक्याच्या वर आहेत. मी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. कोठेही अडला नाही. ही वार्ता आयला ताबडतोब कळवणे योग्य झाले असते. मी फोन हातात घेतला, आणि ठेवला.

रविवारी तिने विचारले, “कसा आहे?”

मी म्हणालो, “अजून थोडा धरतो.”

ऑस्टिन, माझ्या सहीखाली आजवर खोटा आकडा गेलेला नाही. पण त्या दिवशी मी स्टुलावर बसून पूर्ण बऱ्या झालेल्या खांद्यावर पाला बांधून घेतला, आणि त्यापुढचे सगळे रविवारही. तुला वाटेल, मी हे आयसाठी केले. शेक थांबला तर ती पुन्हा भिंतीकडे वळेल, हे भय मला होतेच, आणि या पत्राचा पहिला खर्डा मी त्याच मुद्द्यावर संपवला होता. तो वाचून पाहिला आणि फाडला. तो अपुरा होता. खांदा बरा झाला असे सांगितले असते, तर मी भुईगावला कोणत्या कारणाने गेलो असतो, हे मला सुचत नव्हते. आठवडाभर मी एका रिकाम्या घराचे कुलूप उघडतो. रविवारी कोणीतरी मला “उशीर का केलास” असे विचारते.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत गेलो. गेल्या वर्षी आय आली नव्हती. या वर्षी घरापासून चालत आली. निर्मळहून भावाने वाडीतल्या सोनचाफ्याचा हार दिला होता. रीटाच्या कबरीवरचा क्रूस उंच आहे. मेणबत्त्या लावून झाल्यावर मी हार घेतला, हात वर केला आणि तो क्रूसाला घातला, नीट सारखा केला, एक फूल उलटे झाले होते ते फिरवले. त्या वेळी माझ्या मनात रीटाशिवाय काही नव्हते. वळलो तेव्हा आय माझ्या हाताकडे पाहत होती, उजव्या. परतीच्या वाटेवर तिने हाताचा विषय काढला नाही. मी आठवडाभर शब्दांची जुळवाजुळव करीत राहिलो.

काल रविवार होता. मी गेलो तो हे सांगून टाकायचे ठरवूनच. आय चुलीपाशी होती आणि तव्यावर पाला होता. “आय, मला एक सांगायचं आहे,” मी म्हणालो.

“शर्ट काढ.”

मी सवयीने उजवा खांदा पुढे केला.

“तो नाही,” ती म्हणाली. “दुसरा.”

“दुसरा दुखत नाही, आय.”

“मी विचारलं का तुला?”

तिने डाव्या खांद्यावर पाला ठेवला आणि पट्टी आवळली, नेहमीपेक्षा जरा अधिकच. मग म्हणाली, “हा झाला की गुडघे आहेत तुझे. तुझ्या वयाला धरतातच.” ज्युली कालवणाची वाटी घेऊन दारात आली होती, ती मागच्या मागे परत गेली.

तेव्हा माझी मागणी अशी. आयला येथेच राहू द्यावे. तुझी हरकत नसेल तर मी आचोळ्याचे घर बंद करून तुमच्या ओटीवरच्या खोलीत राहायला येईन. घर आणि वाडी यांवर माझा कोणताही हक्क नाही व पुढेही असणार नाही, हे मी तू सांगशील त्या स्वरूपात लिहून देईन. ती आजारी पडली तर त्याच दिवशी तुला कळेल. तू हाक मारलीस की मी तिला घेऊन बेंगळुरूला येईन. ऊन येणारी खोली तिला पाहायची आहेच.

आयला तुझ्यापुढे “नाही” म्हणायचे नाही. मुलाने प्रेमाने केलेल्या गोष्टीला नकार देणे तिच्या स्वभावात नाही, हे तू जाणतोस. काल जेवताना तिने मला एवढेच विचारले, “ऑस्टिनकडे निरगुडी मिळते का, विचार त्याला.”

मिळते. तेथील बांधाबांधावर ती आहे आणि हे मला ठाऊक होते. तरी मी तिला सांगितले की चौकशी करून कळवतो. ती मान डोलावून पुढचे वाढू लागली.

खोटे लिहिण्याची विनंती मी आजवर कोणाला केलेली नाही. आज तुला करतो. तिला फोन कर आणि सांग की आय, इकडे मिळत नाही.

तिला खरे ठाऊक असेल. तरी ती ते मान्य करील.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, तुझ्या बहिणीचा नवरा आणि तुझ्या आईचा रोगी,

रामचंद्र वासुदेव चुरी

उजव्या हाताने, कोणत्याही वेदनेविना लिहिले असे.

आचोळे, वसई
१० नोव्हेंबर २०२५