आईचे दोन डोळे आणि बाहेरच्या खोलीची भिंत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान आपापल्या नजरेत तरी. तुझी कंबर कशी आहे? भावजींची कुरकुर कशी आहे? (दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, असं माझं जुनं मत आहे.)

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं, हे तुला कळलंच आहे. पुढचं फोनवर सांगता येत नाही, कारण फोन आईच्या खुर्चीजवळ आहे. झालं असं, की ऑपरेशनच्या आधी बाहेरची खोली रंगवायला काढली होती. रंगाऱ्याने छटांचं कार्ड आणलं, आईने ते नाकाजवळ धरलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. दुधावरच्या सायीचा रंग हवा होता, तो हाच, म्हणाली. मला तो फिकट निळा दिसला. पण रंगातलं आईला कळतं आणि मला कळत नाही, हा आपल्या घरातला कायदा, म्हणून मी गप्प बसलो. सासूच्या पसंतीत नाक खुपसायचं नाही म्हणून बायको गप्प बसली. रंगाऱ्याला काय, गिऱ्हाईक म्हणेल तो रंग. अशी तिघांनाही सायीची न दिसणारी भिंत एकमताने सायीची ठरली.

पट्टी निघाली, आई घरी आली आणि दारातच थबकली. भिंती निळ्या कोणी केल्या? रंगाऱ्याला बोलावणं गेलं. तो बिचारा कार्ड घेऊन हजर झाला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही बोट ठेवलंत तोच आहे." आईने त्याला आधी खोटारडा ठरवला. मग काय वाटलं कोण जाणे, नव्या डोळ्यावर हात धरला. भिंत सायीची झाली. हात काढला, पुन्हा निळी. तेव्हापासून हाच उद्योग चाललाय. आलटून पालटून एकेक डोळा मिटते आणि घरातल्या वस्तूंचा निकाल लावते. (माझा 'पिवळा' शर्ट, जो पांढरा आहे असं मी वर्षानुवर्षं कंठशोष करून सांगत होतो, तो अखेर पांढरा ठरला. माफी मात्र कोणी मागितली नाही.) शेजारच्या काकूंचा समज झालाय की आई त्यांना डोळा मारते.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडतं, पण इतकं हळूहळू की मेंदू सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. म्हणजे ताई, आपण हुज्जत घालत होतो तेव्हा ती बिचारी दिसत होतं तेच सांगत होती. आता माझाही माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. त्याच भिंतीला मी निळी म्हणतो, बायको राखाडी म्हणते, आणि दोघांचे डोळे धडधाकट. मी खिडकीशी बसून बघतो, ती दिव्याखाली. बरं, उद्या दोघंही 'निळी' म्हणालो, तरी तिच्या डोक्यातला निळा माझाच कशावरून? लहानपणी कोणीतरी बोट दाखवून शब्द शिकवला, तो आपण पाठ केला. आत काय दिसतं ते कोणी कोणाला दाखवलंय? इतकी वर्षं संसार नुसत्या शब्दांवर चालला, याची मला भीती वाटली आणि थोडं कौतुकही वाटलं.

तर आई दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करू देत नाही. मोतीबिंदू फार पिकू दिला तर पुढे अवघड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. ती कारण सांगत नाही, पण मी ओळखलंय. बाबांसाठी विणलेला स्वेटर ती रोज काढून बसते आणि एक डोळा मिटून बघते. जुन्या डोळ्याला तो मधासारखा दिसतो, नव्याला नुसता पांढरा. बाबांना तिने शेवटी पाहिलं ते त्या मधाच्या रंगात. तो तिला सोडवत नाही. हे कळल्यापासून तिची समजूत घालायची माझी छाती होत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. म्हणून तू ये. ती फक्त तुझंच ऐकते. मी बोलावलं हे सांगू नकोस.

ता. क. पोरी, हे मी लिहितेय, आई. धाकटा हे पत्र टेबलावर उघडं टाकून आंघोळीला गेलाय. मला आता वाचता येतं, हे विसरला. स्वेटरला कसर लागलीय, भोकं रफू करतेय, सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटतोच. लोकर मीच आणली होती, पांढरीच होती. ऑपरेशन मला करायचंय. पण या जुन्या डोळ्याने तू मला जशी दिसतेस, तशी पुन्हा दिसणार नाहीस, आणि नव्याने तर तुला अजून पाहिलंच नाही. दोन्ही आहेत तोवर ये.