सुनेचं निमित्त

१२ नोव्हेंबर २००२

पाळी गेल्यावर तिथं कोरडेपणा आला, जवळ जाणं दुखायला लागलं. ते न सांगता, "घरात सून आली, आता शोभत नाही," म्हणून मी अंथरूण आतल्या खोलीत नेलं. आठ वर्षं!

आज हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तेही कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत. मराठीत तोंड उघडेना. त्या म्हणाल्या, आधी बिनहार्मोनचं जेल लावा, नाही भागलं तर थोडंसं हार्मोनचं मलम देते. एवढंच? आठ वर्षं एवढ्यासाठी?

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं.

"काहून बोलली न्हाई? मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

"विचारायचं तरी."

"सुनेच्या देखत विचारू व्हय?"

हसले, आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताची कातडी इतकी सैल कधी झाली, मला ठाऊकच नाही.