अर्धं लुगडं

दिंडोरी,
१४ ऑक्टोबर

लाडक्या रंगूस,

ताईचे आशीर्वाद. सुनीलरावांना नमस्कार, हर्षालीला प्रेम. तुझा गुडघा काय म्हणतो?

पत्र बघून हसशील. पण फोन आला की तू स्पीकर लावतेस, मग सगळं घर ऐकतं. हे एकटीनं वाच.

आमची द्राक्षाची छाटणी उरकली. पाऊस काही जाईना, त्यामुळं योगेशचं रोज फवारणी एके फवारणी. नात गुटगुटीत आहे, नाक थेट तिच्या आसामच्या आजीचं. रविवारी बारसं. विहीणबाई त्यासाठी एवढ्या लांबून निघाल्यात, शनिवारी तुमच्या मनमाडलाच उतरतील.

बाई गं, लिहायचं ते राहूनच जातंय.

तुझ्या वास्तुशांतीला मी आहेर दिला होता, सोनेरी, दोन तुकड्यांचा. तो विहीणबाईंनी योगेशच्या लग्नात मला दिलेला. मुगा रेशीम, घरच्या मागावर स्वतः विणलेलं. त्यांच्याकडे बायका तेच नेसतात. खाली शिवलेली मेखला, वरून चादर. मला मेलीला काय कळतंय! मी म्हटलं, "हे कसलं अर्धं लुगडं?" सूनबाई, जूरी, ओट्यापाशीच होती. "आई, मी नेसवते ना," म्हणाली, तर मी फटकन बोलले, "मला काय नाचायला जायचंय?" आणि आपल्याकडे आहेर फिरतोच, तसा तो तुझ्याकडे फिरवला. तिला विचारलंसुद्धा नाही.

परवा विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मोडक्यातोडक्या हिंदीत मला म्हणाल्या, "आप हर त्योहार में पहनती हैं, जूरी बोली. मुगा जितना धोओ उतना चमकता है. आके देखूँगी." केवढं हसल्या गं! नजर अधू झाल्यानं त्यांना आता विणता येत नाही, मला दिला तो त्यांनी विणलेला शेवटचा. मी जूरीकडे बघितलं, तर ती खाली मान घालून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत बसलेली.

नंतर विचारलं, "का गं असं सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर आई रडली असती," ती म्हणाली. "आणि तुमचं पण नाव खराब झालं असतं."

सख्ख्या आईशी खोटं बोलली पोर, माझ्यासाठी. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही, रंगू.

आधी वाटलं, तुझ्याकडून गुपचूप मागवावं, चार पाण्यातून काढावं आणि नेसून दारात उभं राहावं. दिलेला आहेर परत मागायचा म्हणजे जनाची नाही तरी मनाची लाज हवी, पण तीही गुंडाळून ठेवली होती. तेवढ्यात हर्षालीचा गरब्यातला फोटो बघितला. तिचा घागरा ओळखला मी, त्याच मुग्याचा शिवलेला. पोरीला बोलू नकोस, शोभतोय तिला. चूक तिची नाही, तुझीही नाही. तुला तरी मी कुठं सांगितलं होतं, ते काय आहे ते?

आता लपवायला काही उरलंच नाही, आणि लपवायचंही नाही. आई आल्यावर जूरीनं पुन्हा खोटं बोलावं, हे मला बघवणार नाही. मीच सांगणार आहे.

योगेशची गाडी विहीणबाईंना घ्यायला येईल, त्याच गाडीत तू बस. हर्षालीची समजूत काढ आणि घागरा सोबत घे. कातरलेले तुकडे उरले असतील तर तेही आण. वाटेत त्यांना काही बोलू नकोस. पण मला तू ओळखतेस. त्या समोर आल्या की मी चहा करू का, पाणी तापवू का, असलं करत वेळ काढीन. तसं व्हायला लागलं, तर माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस. घागरा पिशवीतून काढ आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेव.

तुझी, तोंड लपवायला जागा नसलेली,
मैनाताई