भाद्रपदात रंधा मारलेलं दार

मु. उमरठ, ता. पोलादपूर
२४ मार्च

चि. सेजलला काकाचे आशीर्वाद.

इकडे सगळी बरी. तुझ्या काकीचा गुडघा दुखतो तेवढा दुखतोच हाय. काजूला यंदा बोंडं चांगली धरलीत, पण वानरांनी ताळतंत्र सोडलंय. वीस तारखेला मी मुद्दाम महाडला गेलो, धारेचा दगड आणायला. चवदार तळ्याच्या सत्याग्रह दिनाच्या गर्दीनं एसटी अलीकडेच थांबली, दगड न घेताच परत आलो. तारीख कोणती, हे घरून निघताना बघायचं असतं.

फोनच केला असता, पण काकी शेजारी कान देऊन बसते, आणि हे तिच्यासमोर बोलवत नाय.

तू विचारलंस, "काका, घरच्या घरी काम करणाऱ्यानं एवढा महागाचा विलायती रंधा घ्यावा का? की मी येडी ठरले?" तुझा भाऊ रितेश म्हणाला, तू तो विकायला काढलायस, बाकीच्या हत्यारांसकट.

आधी रंध्याचं सांगतो. गणपतीत तू तो आणलास तेव्हा अर्धी वाडी बघायला जमली. मी म्हणालो, "महाग हत्यार घेतलं म्हणून कोण सुतार होत नाय गो." सगळे हसले, तूपण हसलीस. दुपारी तू झोपल्यावर मी तो पडवीत नेला आणि फणसाच्या फळीवर मारून बघितला. कांद्याच्या पापुद्र्यासारखं सालपट निघालं, सलग. माझा रंधाही तसं काढतो, पण आधी अर्धा तास पात्याला हातोडीनं ठोकत बसावं लागतं. आता हात थरथरतो, तर पाऊण तास धर.

ज्याला रोज आठ तास हेच करायचंय त्याला स्वस्तातला चालतो, तो त्याला वळण लावतो. तुला कामावरून येऊन गॅलरीत तास मिळतो एक. तो पातं बसवण्यात घालवायचा काय? तुझा रंधा पैसे वसूल हाय. मात्र डब्यातून येते ती धार चार दिवसांची. पुढची तुलाच लावायची, ती विकत मिळत नाय. त्या यूट्यूबवाल्यांच्या नादानं घेतलेली बाकीची खेळणी विकलीस तर माझी हरकत नाय.

आता दाराचं.

मागचं दार लावलं तरी फटीतून अंगठा जातो. रितेशनं तुला त्याचा फोटो धाडला आणि तू हाय खाल्लीस, हे मला कळलं. गणपतीत तू म्हणालीस, "काका, दार अडकतंय, घासून देते," आणि रंधा मारलास. अगो, भाद्रपदात दार फुगतंच! आपल्याकडे तेव्हा त्याला रंधा लावत नाय. खडूची खूण करून सोडतात, दिवाळीनंतर ते सुकून आपोआप बसतं. तुला हे ठाऊक नव्हतं, कारण माझ्याकडं तू शिकलीस ते सगळं मे महिन्याच्या सुट्टीत. पावसात फुगलेलं लाकूड तू बघितलंच नव्हतंस.

मला ठाऊक होतं. मी तुझ्या मागंच तंबाखू मळत उभा होतो. वाडीतली माणसं तुझा हात बघत होती. चाळीस वर्षं ती माझा हात बघायची. मला ते सोसलं नाय. "थांब" एवढंच म्हणायचं होतं, ते मी म्हणालो नाय. माघात फट पडली तेव्हा चारचौघांत म्हणालो, "बघा, महागाचं हत्यार!" तेव्हा गोड लागलं.

काल देवळासमोर त्याच चारचौघांना खरं काय ते सांगितलं. म्हातारी येसूबाई म्हणाली, "हैबती, पोरीवर जळलास होय रे?" होय म्हटलं.

दाराला पट्टी जोडता येते. वैशाखात ये, दोघं मिळून जोडू. आली नायस तरी मी समजेन, पण रंधा विकू नको. तुझा हात चांगला हाय. हे मी गणपतीतच सांगायला हवं होतं.

मोठ्यानं लहानाची माफी मागायची आपल्यात रीत नाय. मी मागतो गो.

तुझा चुकलेला,
हैबतीकाका